डाकोटा, डाक आणि नानाकाका

परवा मी चष्म्याची एक फ्रेम मागवली. मागवली म्हणजे नातवानं मोबाइलवर बोट फिरवलं आणि पैसे माझ्या खात्यातून गेले. पूर्वी एखादी वस्तू मागवली की ती दारात येईपर्यंत माणूस निवांत असे. आता त्या वस्तूच्या प्रवासाचं धावतं वर्णन ऐकावं लागतं. फ्रेम कोलकात्याहून निघाली. फ्रेम विमानतळावर पोचली. माझी मुलगी लग्नानंतर पहिल्यांदा सासरी निघाली तेव्हासुद्धा मला इतक्या बातम्या मिळाल्या नव्हत्या.

त्या रात्री एक वाजता फोन किणकिणला. या वयात रात्री एकला फोन वाजला की आधी सगळ्या म्हाताऱ्या नातेवाइकांची यादी डोळ्यांपुढून जाते. चाचपडत जुना चष्मा शोधला, लावला आणि वाचलं. 'आपले पार्सल नागपूर हब येथे पोचले आहे.'

मी मोठ्यानं हसलो. सौभाग्यवती जागी झाली.

"काय झालं?"

"पार्सल नागपूरला आलंय."

"पुण्याचं पार्सल नागपूरला गेलं तर माणसानं रडावं. तुम्ही हसता काय?" असं म्हणून ती कुशीवर वळली. ती जन्मानं पुण्याची आहे, तिला दोष देण्यात अर्थ नाही.

सकाळी नातवानं मला हब म्हणजे काय ते समजावून सांगितलं. चारी दिशांचा माल रात्री एका ठिकाणी आणायचा, तिथं त्याची अदलाबदल करायची आणि सकाळच्या आत जिकडचा तिकडे परत पाठवायचा. "एकदम मॉडर्न आयडिया आहे, आजोबा," तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, "बाळा, ही मॉडर्न आयडिया तुझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ १९४९ सालापासून रोज रात्री नागपुरात हातानं उचलत होता. आणि त्यासाठी महालातून सोनेगावला सायकलनं जात होता."

हा धाकटा भाऊ म्हणजे आमचे नानाकाका. नागपूरला आर.एम.एस.मध्ये सॉर्टर. म्हणजे पत्रांवरचे पत्ते वाचून ती पत्रं त्या त्या गावाच्या खणात टाकणारा माणूस. या नोकरीमुळे काकांना भारतातली सगळी गावं पाठ होती आणि घरात ठेवलेली एकही वस्तू सापडत नसे. "टपाल्या गाव कुठे आहे ते ह्यांना झोपेत विचारा," काकू म्हणत, "पण मिठाचा डबा कुठे आहे ते जागेपणी विचारू नका."

आता नागपूरच का, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगायला हवं. नागपूरला झिरो माइलचा एक दगडी खांब आहे. त्यामुळे आपण देशाच्या बरोब्बर मध्यभागी आहोत अशी प्रत्येक नागपूरकराची जन्मापासूनची श्रद्धा असते. आता या मध्यभागी असण्याचं दु:ख असं, की सगळं जग नागपूरवरून जातं. ग्रँड ट्रंक एक्सप्रेस नागपूरवरून जाते. हावडा मेल नागपूरवरून जाते. पण संत्र्यांचे व्यापारी आणि जावई सोडले, तर मुद्दाम नागपूरला म्हणून येणारा माणूस विरळा. आणि १९४९ साली एकाएकी असं झालं, की मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास ही चारही शहरं दररोज मुद्दाम नागपूरला यायला लागली. फक्त ती यायची रात्री, अख्खं नागपूर घोरत असताना. नागपूरचं नशीबच तसं.

झालं होतं ते असं. महायुद्ध संपलं आणि अमेरिकन सैन्याची डाकोटा विमानं आपल्या देशात विकायला निघाली. युद्धावरून आलेली, पण धडधाकट. ती स्वस्तात मिळू लागली आणि ज्याच्याकडे थोडं भांडवल आणि बरीचशी हिंमत होती त्यानं विमान कंपनी काढली. १९४६ साली सरकारनं परवाने देणारं एक मंडळ नेमलं. त्या मंडळानं एखाद्या प्रेमळ आजीनं नातवंडांना लाडू वाटावेत तसे परवाने वाटले. लाडू मागणारी नातवंडं किती आणि डब्यात लाडू किती, हा हिशेब आजी कधी करत नाही. विमानं झाली, कंपन्या झाल्या, पण तिकीट काढून विमानात बसणारी माणसं तेवढी नव्हती. काका म्हणत, "त्या काळात ज्याच्याजवळ दोन डाकोटा तो एअरलाइन, आणि ज्याच्याजवळ एक तो चेअरमन."

रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळणमंत्री होते. त्यांनी ठरवलं की देशाची डाक रात्री विमानानं न्यायची. चार महानगरांतून संध्याकाळनंतर एकेक विमान निघेल, चौघं मध्यरात्रीनंतर नागपूरला भेटतील, थैल्यांची अदलाबदल करतील आणि उजाडायच्या सुमाराला आपापल्या घरी परततील.

माझ्या नातवाला हे मी हळदीकुंकवाच्या भाषेत समजावलं. चार घरच्या चार बायकांना एकमेकींना तिळगूळ द्यायचा आहे. प्रत्येकीनं प्रत्येकीच्या घरी जायचं म्हटलं तर सहा रस्ते तुडवावे लागतील. त्यापेक्षा चौघींनी मधल्या एका अंगणात जमावं, तिथंच तिळगूळ द्यावा-घ्यावा आणि घरी जावं. रस्ते चार, वेळ एकदाच. फरक इतकाच, की हे अंगण सोनेगावचं होतं आणि त्यात तीन-साडेतीन तास उडून यावं लागत होतं.

या योजनेला जे. आर. डी. टाटांनी उघड विरोध केला. टाटा म्हणजे ज्यांनी १९३२ साली स्वत: विमान चालवत कराचीची डाक जुहूला आणून उतरवली होती तो माणूस. त्यांना डाकेचं वावडं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की रात्री विमानं उडवायची तर आधी जमिनीवर त्याची पुरेशी सोय करा, खर्चाचं गणित नीट मांडा, आणि मग उडा. मंत्र्यांना घाई होती. टाटा नाहीत तर दुसरे आहेत, असं म्हणायला लाडू खाल्लेली नातवंडं भरपूर होती. त्यांतली इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स नावाची कंपनी पुढे आली, आणि ३० जानेवारी १९४९ ला रात्रीची हवाई डाक सुरू झाली.

एप्रिलपासून तर साधी पत्रंसुद्धा, जास्तीचं तिकीट न लावता, विमानानं जायला लागली. मुंबईला संध्याकाळी पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात. काकू गिरगावातल्या आपल्या बहिणीला दर आठवड्याला आठ पानी पत्र लिहीत. काका ते पाकीट तळहातावर तोलत आणि म्हणत, "हे विमानानं जाणार आहे. थोडं कमी लिहीत जा. पायलटला बायकामुलं आहेत."

पण ती कंपनी काही महिन्यांतच बसली. मग हिमालयन एव्हिएशन नावाची दुसरी आली. पुढे ते काम हैदराबादच्या डेक्कन एअरवेजकडे गेलं. विमानाच्या अंगावरचं नाव बदलायचं, वैमानिकांच्या टोप्या बदलायच्या. थैल्या त्याच, सुतळी तीच, लाखेचे शिक्के तेच आणि त्या उचलणारे नानाकाका तेच. "कंपनी कोणतीही असो," काका म्हणत, "थैली उचलताना कंबर आपलीच मोडते."

हे सगळं देशकार्य चालू असताना काका एकदा रात्री सायकलला कंदील नाही म्हणून एका चौकीवर अडकले. देशाची डाक आकाशातून अंधारात चालली आहे आणि ती चढवणारा माणूस रॉकेलच्या एका बत्तीपायी जमिनीवर उभा आहे, असा तो प्रसंग. काकांनी हवालदाराला सांगितलं, "चार विमानं माझी वाट पाहून राहिली आहेत." हवालदार म्हणाला, "माझीपण आगगाडी वाट पाहून राहिली आहे. आठ आणे काढा."

काका रोज सकाळी घरी आले की ओसरीवर सायकल लावत, पायांवर पाणी घेत आणि चहाचा कप हातात घेण्याआधी काकूंना दोन शब्द सांगत.

"चारही आले."

बस, एवढंच. काकू "बरं झालं" म्हणत आणि चहा ओतत. शेजारच्या घरांत नवरे कामावरून आले की पगार, भाजी, साहेब असल्या विषयांवर बोलत. आमच्या घरात दिवस "चारही आले" यानं उजाडत असे. मला तो एखादा मंत्र वाटे. ते चार कोण, हे मला बरेच दिवस ठाऊक नव्हतं. काकांचे कोणी मित्र असावेत आणि ते रोज रात्री पत्ते खेळायला जमत असावेत अशी माझी समजूत होती.

ती दूर झाली १९५२ च्या हिवाळ्यात. मी आठ वर्षांचा होतो. पंधरा दिवस भुणभुण केल्यावर काकांनी मला एका रात्री सायकलच्या कॅरिअरवर बसवून सोनेगावला नेलं. अंगावर दोन स्वेटर, डोक्याला मफलर आणि काकूंनी खिशात कोंबलेली शेव. नागपूरच्या जानेवारीत रात्री सायकलवर बसलेल्या माणसाला आपले कान आहेत की गेले हे हात लावून पाहावं लागतं.

आम्ही अंधारात उभे होतो. काकांनी मान वर केली आणि म्हणाले, "हा मुंबईचा." मला काही दिसेना, ऐकू येईना. मग बारीकशी घरघर आली, मग दोन दिवे दिसले, आणि मग ते आलं. आयुष्यात मी नंतर पुष्कळ विमानं पाहिली, त्यांत बसलोही, पण पहिल्या डाकोटाची सर कशाला नाही. जमिनीवर उतरलं की त्याचं शेपूट खाली आणि नाक वर. दाराशी बसून दुधाची वाट पाहणाऱ्या मांजरासारखं. आत शिरलेल्या माणसाला आपल्या जागेवर जायला चढ चढावा लागे.

मग एकामागून एक बाकीचे आले. दार उघडलं की आधी थैल्या उतरत आणि मग उतारू. कारण ह्या विमानांत थोडी माणसंही घेत. मान डाकेचा, माणसं तोंडीलावणं. कलकत्त्याचे गृहस्थ माकडटोपी घालून उतरले. दिल्लीवाल्यांचा ओव्हरकोट त्यांच्याआधी उतरला. मद्रासचे गृहस्थ नागपूरची थंडी बघून पुन्हा आत जाऊ का असं विचारत होते. मुंबईचा माणूस उतरल्या उतरल्या घड्याळात बघत होता. रात्री दीड वाजता देशाची चार टोकं एका बाकावर बसून चहा पीत होती, आणि एक टोक दुसऱ्या टोकाशी अक्षर बोलत नव्हतं. बोलत होती ती पत्रं. थैल्याथैल्यांतून इकडची तिकडे चालली होती.

काका तिथं वेगळेच दिसत होते. घरी मिठाचा डबा न सापडणारा हा माणूस तिथं नुसत्या हातानं थैली चाचपून सांगत होता, "ही मद्रासची नाही. काढा." हातात वजनाचा कागद. प्रत्येक थैली कागदावर आली की मगच विमानात. एक उंच वैमानिक आला, कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि हिंदीत म्हणाला, "क्यों, मद्रास चलेगा?"

मी एका क्षणात तयार. काका म्हणाले, "नाही."

"का?"

"तुझं वजन लिहिलं नाही."

मला रडू कोसळलं. वैमानिक हसला. काका मात्र हसले नाहीत. येताना सायकलवर मला म्हणाले, "हे बघ बाळ्या, विमान हवेवर उडते, पण खरं म्हणजे ते कागदावर उडते. कागदात खोटं असलं तर हवा काही करू शकत नाही."

कागदाविषयी काकांचा हा आदर मोठ्या साहेबांपर्यंत जात असे. १९५० साली सरकारनं विमान कंपन्यांची चौकशी करायला न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांची समिती नेमली, तेव्हा काकांना घरच्या माणसाला बढती मिळाल्याचा आनंद झाला होता. कारण १९४६ साली डाक कर्मचाऱ्यांच्या पगाराचा निवाडा याच राजाध्यक्षांनी केला होता. "आमचं भलं केलं, आता विमानांचं करतील," असं ते सगळ्यांना सांगत सुटले. समितीनं सांगितलं ते कोणत्याही घरातल्या गृहिणीनं सांगितलं असतं. कंपन्या फार झाल्या, धंदा तेवढा नाही, चार-दोन एकत्र करा. लगेच राष्ट्रीयीकरण करा असं समितीचं म्हणणं नव्हतं. पण सरकारी गाडी सुरू व्हायला वेळ लागतो आणि एकदा झाली की थांबायला त्याहून जास्त. १९५३ साली कायदा झाला, आणि १ ऑगस्टला आठ कंपन्या मिळून एक इंडियन एअरलाइन्स झाली. ठरावीक वेळापत्रकाची विमानसेवा चालवायची ती फक्त सरकारनं. बाकीच्यांचे परवाने संपले.

काकांना त्या आठ कंपन्यांची नावं अष्टविनायकांसारखी पाठ होती. एअर इंडिया, एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया, इंडियन नॅशनल, डेक्कन, भारत, एअरवेज इंडिया, हिमालयन, कलिंग. एवढं म्हणून ते थांबत आणि सांगत, "आणि पहिली डाक जिनं आणली ती यात नाहीच. ती आधीच मेली. जी पहिली असते ना, ती यादीत नसते."

शेजारचे वकीलसाहेब राष्ट्रीयीकरणाच्या बाजूचे. काका विरोधात. म्हणजे रोज संध्याकाळी ओसरीवर संसद भरे. वकीलसाहेब म्हणत, "नफ्यासाठी उडवलेल्या विमानात मी माझं पत्रही पाठवणार नाही, मग मी बसायचं तर सोडाच." काका म्हणत, "परवाने देताना कोणी मोजले नाहीत आणि काढून घेताना मात्र सगळे मोजून घेतले. हा काय न्याय झाला, वकीलसाहेब? पंगतीत शंभर पानं मांडायची, भात पन्नासांचा शिजवायचा, आणि ओरड झाली की पंगतच उठवायची." वकीलसाहेब म्हणत, "सरकारी विमानात सुरक्षितपणा असतो." काका म्हणत, "इंजिनाला मालकाचं नाव कळत नाही."

१२ डिसेंबर १९५३ ला सकाळी काका उशिरा आले. सायकल ओसरीवर लावली नाही, भिंतीला टेकवली, ती पडली. त्यांनी ती उचलली नाही. पायांवर पाणी घेतलं नाही. काकू कप घेऊन उभ्या होत्या.

"चारही आले होते," काका म्हणाले.

काकू काही बोलल्या नाहीत.

"तीनच गेले."

मद्रासला निघालेला डाकोटा नागपूरहून उडाल्या उडाल्या इंजिनानं दगा दिला आणि खाली आला. तेरा माणसं गेली. कामगार पुढारी आणि खासदार हरिहरनाथ शास्त्री त्यांत होते. एकटा वैमानिक वाचला, तोही भाजलेला. सरकारी कंपनी होऊन तेव्हा साडेचार महिने झाले होते. ज्या बाकावर मी शेव खाल्ली होती त्याच बाकावर बसून त्या माणसांनी तासाभरापूर्वी चहा घेतला असेल, एवढंच माझ्या मनात येत राहिलं. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. मरण म्हणजे काय ते मला त्या थंड झालेल्या कपाच्या रूपानं कळलं.

त्या संध्याकाळी वकीलसाहेब ओसरीवर आले. मला वाटलं आता काका म्हणणार, बघा तुमचं सरकारी विमान. वकीलसाहेबांनाही तेच वाटलं असावं. ते मान खाली घालून बसले होते. पण काका एवढंच म्हणाले, "वजनाचा कागद बरोबर होता. मी तीनदा पाहिला." पुन्हा थोड्या वेळानं म्हणाले, "टाटा म्हणत होते, आधी जमिनीवरचं पाहा. आपण दोघं भांडलो ते विमान कोणाचं यावर. भांडायचं होतं ते दुसऱ्याच गोष्टीवर." वकीलसाहेबांनी मान हलवली. त्यानंतर त्या ओसरीवर राष्ट्रीयीकरणाचा विषय निघाला नाही. दोघं बुद्धिबळ खेळायला लागले.

मी मोठा झाल्यावर काकांना एकदा विचारलं होतं, की तुमचं खरं मत काय? छोट्या कंपन्या जगायला हव्या होत्या का? काकांनी विचार करून सॉर्टरचं उत्तर दिलं. "नियम थैली बांधायच्या आधी लावायचा असतो. थैली बांधली, लाख लावली, विमानात चढवली, आणि मग कोणी म्हणालं की पत्ता चुकला, तर थैली फाडावी लागते. त्यात चांगली पत्रंही फाटतात." परवाना या विषयावर मी नंतर जाड जाड पुस्तकं चाळली. त्यांत यापेक्षा जास्त काही सापडलं नाही.

रात्रीची डाक पुढेही बरीच वर्षं नागपूरला भेटत राहिली. डाकोटा गेले, मोठी विमानं आली. काका निवृत्त झाले तेव्हा खात्यानं त्यांना एक घड्याळ दिलं. रात्री एक वाजता ते घड्याळ बघून काका उठून बसत. काकू म्हणत, "झोपा आता. ते येतील त्यांचे ते." सत्तरीच्या दशकात ती सेवा थांबली, आणि नागपूर पुन्हा शांतपणे रात्रभर झोपायला लागलं.

आणि गंमत बघा. त्याच दशकात, १७ एप्रिल १९७३ च्या रात्री, अमेरिकेत मेम्फिस नावाच्या गावात फेडरल एक्सप्रेस नावाच्या नव्या कंपनीची चौदा छोटी विमानं पंचवीस शहरांची पार्सलं घेऊन निघाली. सगळी पार्सलं मिळून एकशे शहाऐंशी. आमच्या काकांनी शिंक येईपर्यंत उचलली असती. विमानं छोटी का, तर तिथल्या सरकारच्या नियमात मोठ्या विमानांना परवाना मिळणं अवघड, छोट्यांना सूट. १९७७ साली तिथल्या सरकारनं मालवाहू विमानांवरची बंधनं सैल केली, कंपनीनं मोठी विमानं घेतली, आणि पुढे ती केवढी झाली ते जगाला ठाऊक आहे. आपल्याकडचा १९५३ चा कायदा रद्द व्हायला १९९४ साल उजाडलं. एकेचाळीस वर्षं. तोवर आमच्या काकांनाही परवाना सोडावा लागला होता. त्यांचं आणि काकूंचंही सगळं आटोपलं होतं.

नंतर २००९ साली कॅप्टन गोपीनाथ यांनी डेक्कन ३६० नावाची मालवाहू कंपनी काढली आणि हब कुठे ठेवलं असेल? नागपूरला. पुन्हा डेक्कन, पुन्हा नागपूर, पुन्हा रात्र. बातमी वाचून मी एकटाच घरात फेऱ्या मारत होतो. दोन-तीन वर्षांतच तीही थकली आणि देणेकऱ्यांमागे कोर्टाच्या पायऱ्या चढून संपली. यावेळी परवान्यानं नव्हे, पैशानं. नागपूरच्या विमानतळाच्या योजनेचं नाव मिहान. त्या नावातच कार्गो हब आहे. नाव ठेवण्यात नागपूर कधीच मागे नव्हतं.

हे सगळं मी नातवाला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं, म्हणजे ऐकताना फोनकडे फक्त दोनदा पाहिलं. मग विचारलं, "आजोबा, पण त्या काकांना ट्रॅकिंग कसं कळायचं? विमान निघालं, पोचलं, हे?"

मी म्हटलं, "मान वर करून."

फ्रेम तिसऱ्या दिवशी आली. टीव्ही मावेल एवढा खोका, त्यात एक खोका, त्यात कागदाचे बोळे आणि बोळ्यांत एवढीशी फ्रेम. खोक्यावर वजन छापलेलं होतं. मी स्वयंपाकघरातला काटा आणून ते ताडून पाहिलं. बरोबर होतं. सौभाग्यवती म्हणाली, "आता ह्याचं वजन कशाला करता?" मी काही बोललो नाही.

पण एक सवय लागली आहे. रात्री एकच्या सुमाराला जाग येते. फोन वाजलेला नसतो, कोणाचं पार्सल यायचं नसतं. मी गॅलरीत जाऊन उभा राहतो. लोहगावच्या बाजूला एखादं विमान उतरत असतं, लाल दिवा उघडझाप करत असतो. ते कोणत्या कंपनीचं, कोणाच्या परवान्यावर उडणारं, मला दिसत नाही. ते खाली गेलं, दिवा झाडाआड गेला, आवाज थांबला, की मी आत येतो.

"कोण होतं?" सौभाग्यवती झोपेत विचारते.

"कोणी नाही," मी म्हणतो. "आले सगळे."

"बरं झालं," ती म्हणते आणि कुशीवर वळते.